नळी तपासणारा हात

६ जानेवारी

फोरमनने आज एक जाड वही हातात दिली. "शिकाऊ माणसानं रोज काय शिकलं ते लिहायचं आणि महिन्याअखेरीस मला दाखवायचं." त्या वहीत मी लिहिलं, 'आज टेबल पुसले.' झालं तेवढंच होतं. पण मनात जे चाललंय ते फोरमनला दाखवण्यासारखं नाही, म्हणून येताना ही दुसरी वही घेतली. ही माझी एकटीची. हिच्यात मी सासूबाईंबद्दल वाटेल ते लिहिणार.

आठ वर्षं मी पॅकिंगमध्ये रिव्हॉल्व्हरं तेलाच्या कागदात गुंडाळली. कधी आत डोकावून पाहिलं नाही. आणि आता एकदम नळी-तपासणीच्या खोलीत, सासूबाईंच्या हाताखाली! माझं नाव म्हणे त्यांनीच सुचवलं. तीस वर्षांत त्यांच्याकडे शिकायला जे आले ते पंधरा दिवसांत पळाले. मग मीच का? नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "घरी तुला बोलायला तिला वेळ पुरत नसेल."

त्याचं काय जातं हसायला. तो त्याच कारखान्याच्या मागच्या टोकाला, चाचणीच्या लांबट खोलीत एकटा असतो. आमच्या पाळीत तयार झालेलं प्रत्येक रिव्हॉल्व्हर तो झाडून पाहतो. कानावर दिवसभर टोप्या. त्यामुळे घरीसुद्धा त्याला सोयीपुरतंच ऐकू येतं.

९ जानेवारी

आजही टेबलाशी बसू दिलं नाही. "नळी कुठून येते ते माहीत नसताना तिच्यात खोट काय काढणार? चल माझ्यामागून." आणि तरातरा निघाल्या.

आठ वर्षं मी या इमारतीत आहे आणि मला काहीही माहीत नव्हतं. आधी भरीव पोलादाची सळई, अंगठ्याहून जाड. ती यंत्रात गरगर फिरते. भोक पाडणारं हत्यार मात्र फिरत नाही, नुसतं पुढे सरकतं, आणि त्याच्या पोटातून तेलाची धार सुटलेली असते. मी म्हटलं, हे उलटं नाही का? यंत्रावरचे काका म्हणाले, "हत्यार फिरवलं तर ते भरकटतं, बाई. सळई फिरली की भोक मधोमध राहतं." मला हे इतकं आवडलं की मी त्यांना तीनदा सांगायला लावलं.

मग भोक घासून गुळगुळीत करायचं. आणि मग पीळ. एका लांब दांड्याच्या टोकाशी नखाएवढं पातं असतं. दांडा नळीतून ओढला जातो आणि जाता जाता वळतो. एका खेपेला जो पोलादाचा कीस निघतो तो मी चिमटीत धरला, तर तो दिसेनासाच झाला. अशा कितीतरी खेपा तेव्हा एक खाच पुरी होते. अशा पाच खाचा, सगळ्या एकाच पिळाच्या. गोळी त्या पिळात धरली जाते म्हणून फिरते, आणि फिरते म्हणून सरळ जाते. नाहीतर हवेत कोलांट्या खात गेली असती.

शेवटी सासूबाईंनी एक पुरी झालेली नळी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "खिडकीकडे धरून बघ."

मी पाहिलं. आत उजेडाची वर्तुळं होती, एकात एक, लांबपर्यंत. त्यांच्यावरून पाच रेषा वळत वळत चाललेल्या. बोटाएवढी नळी, पण आतून संपतच नव्हती. माणसानं हे हातानं केलंय यावर विश्वास बसेना. किती वेळ पाहत उभी होते कोण जाणे. सासूबाईंनी दंडाला चिमटा काढला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. तेलाच्या वासानं आलं, असं सांगितलं मी.

१४ जानेवारी

आज काम समजलं. समजलं म्हणजे ऐकलं.

नळीच्या मुळाशी आटे असतात. त्या आट्यांनी ती रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्यात घट्ट आवळून बसवतात. जरा जास्त आवळली गेली की आतलं भोक त्या जागी आवळतं. किती? केसाच्या जाडीचा एखादा हिस्सा. डोळ्याला दिसत नाही. मापाचं हत्यार आहे, तेही कधी कधी चकतं. म्हणून जोडून झालेलं प्रत्येक रिव्हॉल्व्हर आधी आमच्या टेबलावर येतं. नळीच्या तोंडातून शिशाची मऊ गोळी सारायची आणि पितळी गजानं, तळहाताच्या नेटानं, हळूहळू मुळाकडे ढकलत न्यायची. सगळीकडे सारखी गेली तर ठीक. मुळाशी जरा जरी अडली तर परत. ठीक असेल तिच्यावर तपासणाऱ्याने आपला ठसा मारायचा. सासूबाईंचा ठसा म्हणजे एक बारीक त्रिकोण. वर्षभर शिकल्यावरच स्वतःचा ठसा मिळतो, तोवर मी नुसती ढकलणार.

मी विचारलं, "आणि चुकून आवळलेली गेली पुढे तर?"

त्या गज पुसत होत्या. पुसणं थांबवलं नाही. "चाचणीत आधी एक जड काडतूस घालतात. ते लोखंडी पेटीत, लांबून दोरी ओढून. आवळलेल्या नळीला तिथं तडा जातो. दिसत नाही तो. मग सहा साधी काडतुसं, ती हातात धरून. तेव्हा ती फुटून उघडते."

सासरे आधी चाचणीवर होते. त्यांच्या उजव्या हाताला अंगठा नव्हता एवढं मला माहीत होतं. कसा गेला ते आज कळलं. ती नळी कुणा दुसऱ्यानं तपासली होती. सासूबाई तेव्हा रंगखात्यात होत्या. दुसऱ्या दिवशी त्या फोरमनसमोर जाऊन उभ्या राहिल्या की मला नळी-तपासणीला बसवा. तेव्हापासून त्या या टेबलाशी आहेत. पुढे सासऱ्यांच्या जागी त्यांचा मुलगा आला, म्हणजे माझा नवरा.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा मी त्याचे दोन्ही हात धरून बघत बसले. म्हणाला, "काय झालं? पैज लावलीस का कुणाशी?"

२७ जानेवारी

माझा तळहात लाकडाचा आहे. आज साठ नळ्या ढकलल्या. ज्यांना मी ठीक म्हटलं त्यांतल्या चार आवळलेल्या निघाल्या, आणि ज्यांना नाही म्हटलं त्या सगळ्या ठणठणीत. सासूबाई म्हणतात, "तू हातानं बघत नाहीस, डोक्यानं बघतेस. डोकं घरी ठेवून ये." म्हटलं, घरी तरी कुठे चालतं माझं डोकं! हे मनात. तोंडानं म्हटलं, "बरं आई."

हाताला फोड आलेत.

१९ फेब्रुवारी

कळली! कळली मला!

दुपारी, जेवणाच्या भोंग्याच्या जरा आधी. गोळी नेहमीसारखी चालली होती आणि मुळाशी पोचताना माझ्या तळहाताच्या मध्याला काहीतरी झालं. अडली म्हणावं असं नाही. नकोसं वाटावं तसं काहीतरी. दाराआड कुणी उभं आहे हे न पाहता कळतं ना, तेवढंच. मी गज तिथंच धरून ठेवला आणि म्हटलं, "आई, इथं." सासूबाईंनी गज हातात घेतला, पुन्हा ढकलला, कपाळाला आठ्या घालून बराच वेळ घेतला. मग मापाच्या हत्यारानं पाहिलं. मग दुसऱ्या, अजून बारीक हत्यारानं. आवळलेली होती.

त्यांनी माझा तळहात उलटा करून पाहिला आणि त्यावरून स्वतःची बोटं फिरवली. "हं," म्हणाल्या. आणखी काही नाही. शाबासकीचा दुष्काळच आहे या घराण्यात. पण मी घरी उडत आले. लोखंड माझ्याशी बोललं आज.

११ मार्च

सासूबाईंनी चहात साखर घेणं बंद केलंय. "गोड नको," एवढंच. माझ्या चहाला नावं ठेवायची ही नवी तऱ्हा. आठ दिवस मी गप्प बसले, आज म्हटलं, "मग तुम्हीच करत जा." तर खरंच उठल्या, आणि उकळतं पातेलं फडकं न घेता उघड्या हातांनी खाली उतरवून ठेवलं. मी किंचाळले. त्या म्हणाल्या, "काय झालं?" बोटं लाल झाली होती, पण चेहऱ्यावर सुरकुती हलली नाही. काय बाई सहनशक्ती! मला साधा वाफेचा चटका बसला तरी मी शेजारणीला ऐकू जाईल इतकी ओरडते.

३ एप्रिल

कामावर फेब्रुवारीपासून एक नवी पद्धत सुरू झालीय. आता प्रत्येक नळी आधी मी ढकलायची, मोठ्यानं 'ठीक' किंवा 'परत' म्हणायचं, मगच त्या ढकलणार आणि ठसा मारणार. म्हणजे माझ्या प्रत्येक खेपेमागे त्यांची खेप. विश्वास म्हणून नाहीच. बरं, मी चुकते का? मुळीच नाही. दीड महिना झाला, आमचं एकदाही वाकडं पडलेलं नाही. मी ठीक म्हटलं की त्यांचंही ठीक, मी परत म्हटलं की परत. इतका तंतोतंत मेळ बसला असताना पुन्हा तपासायची हौस कशाला!

आज हसून हसून पुरेवाट झाली ते लिहून ठेवते. घरी येताना त्यांच्या एका पायातली चप्पल मागेच राहिली. वीसेक पावलं त्या तशाच चालल्या, एक पाय अनवाणी, खडीवरून. मी म्हटलं, "आई, चप्पल!" त्यांनी खाली पाहिलं आणि माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त नवल वाटलं. मी रस्ताभर हसत होते. नवऱ्याला करून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. म्हाताऱ्या माणसाची चेष्टा करू नये, पण फारच मजेशीर दिसत होत्या.

८ मे

शेजारीण आज म्हणाली, "तुम्ही ज्या वस्तू बनवता त्यांनी पुढं काय होतं, ते मनात येत नाही तुझ्या?"

येतं. खोटं कशाला बोलू? इतकी देखणी वस्तू, आतून इतकी शांत, आणि कशासाठी! कधी कधी नळी खिडकीकडे धरते आणि वाटतं, हिला तशीच ठेवावी, हिच्यातून काही जाऊच नये. सासूबाईंना मी हे विचारलं. मला वाटलं होतं रागावतील. त्या म्हणाल्या, "कुणाच्या हातात जाईल ते मला नाही माहीत. आधी माझ्या बाळ्याच्या हातात जाते, एवढं माहीत आहे." बाळ्या म्हणजे माझा चाळिशीचा नवरा.

आणि मग एक विचित्र बोलल्या. "मी नसले तर त्या टेबलावर कोण बसेल, ठाऊक आहे ना?" ठाऊक आहे. दुसऱ्या पाळीचा तपासनीस. त्याला सगळे जांभईराव म्हणतात. गोळी ढकलताना जांभई, ठसा मारताना जांभई. मी म्हटलं, "तुम्ही कुठे जाताय? तुम्ही आम्हा सगळ्यांना पोचवून जाल." या वेळी हसल्या.

१७ जून

फोरमनच्या खोलीत सासूबाई पुन्हा जाऊन आल्या. या महिन्यात तिसऱ्यांदा. दार लावून बोलतात. बाहेर येतात तेव्हा चेहरा तांबडालाल आणि माझ्याकडे बघत नाहीत. माझ्याबद्दलच काहीतरी, यात शंका नाही. हिला अजून जमत नाही, हिला ठसा देऊ नका, असंच सांगत असणार. जमत नाही तर प्रत्येक वेळी माझ्यासारखंच उत्तर कसं काय देता हो?

असा संताप आलाय ना.

२ जुलै

आज मी एक आगाऊपणा केला, आणि आता रडू येतंय.

सकाळपासून त्या माझ्या हातामागे हात लावत होत्या. मी 'ठीक' म्हणते, त्या ढकलतात, त्रिकोण मारतात. माझं डोकं फिरलं. ट्रेमधली कुठलीशी एक नळी आली, मुळाशी स्पष्ट आवळलेली. इतकी स्पष्ट की पहिल्याच महिन्यात मला कळली असती. मनात आलं, बघू या. मी मुद्दाम म्हटलं, "ठीक." म्हटलं, आता माझी खरडपट्टी काढतील, मग मी म्हणेन, अहो गंमत केली, मलाही कळली होती. आणि मग विचारेन की मला कळतं तर ठसा का देत नाही.

त्यांनी गज धरला. ढकलला. अगदी मुळापर्यंत. जरा थांबल्या, माझ्याकडे पाहिलं. आणि ठसा मारला.

तोंडात कुणी मारल्यासारखं झालं. म्हणजे ती नळी ठीकच होती. तीस वर्षांचा हात चुकणार नाही, तेव्हा चुकले मीच. साडेचार महिने मी ज्याला लोखंडाचं बोलणं समजत होते ते माझेच कल्पनेचे खेळ. पुढच्या नळ्या कशा ढकलल्या ते आठवत नाही. कुठल्या नळीचं काय म्हटलं तेही नीट आठवत नाही. संध्याकाळी चाळीस नळ्यांचा ट्रे भरला, तेल लावून चाचणीकडे गेला.

उद्या फोरमनला सांगणार की मला पुन्हा पॅकिंगमध्ये पाठवा.

४ जुलै

काल लिहायला बसले नाही. आज सगळं लिहिते, जसं झालं तसं.

काल सकाळी नवरा पहिल्या भोंग्याला निघून गेला. मी आणि सासूबाई दुसऱ्या भोंग्याला जाणार होतो. त्या ओट्याशी भाजी चिरत होत्या आणि मी कोपऱ्यात फोरमनला काय सांगायचं ते मनात जुळवत होते. त्या बोलत होत्या, शेजारच्यांच्या नळाला पाणी येत नाही असं काहीतरी. माझं लक्ष सहज फळीकडे गेलं. चिरलेली भाजी लाल झाली होती.

"आई, बोट!"

"कुठं?" त्या म्हणाल्या, आणि चिरतच राहिल्या.

मी धावत जाऊन हात धरला. बोटाला चांगला खोल काप गेला होता, रक्ताची धार लागली होती. त्यांनी हाताकडे पाहिलं. दुसऱ्या कुणाच्या हाताकडे पाहावं तसं पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत दुखणं नव्हतंच. चोरी पकडली गेलेल्या माणसाची नजर होती ती.

मी त्यांच्या तळहातात माझं नख रुतवलं. जोरात. त्यांना कळलं नाही.

पातेलं. चप्पल. बिनसाखरेचा चहा. आधी मी म्हणायचं, मग त्यांनी. सगळं एकदम कोसळलं माझ्या अंगावर. मी किती हसले होते रस्ताभर!

"कधीपासून?" मी विचारलं.

"अगं, आहे जरा साखर रक्तात. येते कधी बधिरता."

"आई, कधीपासून?"

त्यांनी हात माझ्या हातातून काढून घेतला.

आणि मग मला ती नळी आठवली. ती ठीक नव्हती. माझा हात चुकला नव्हता. आवळलेल्या नळीवर मी स्वतःच्या तोंडानं 'ठीक' म्हटलं होतं, तिच्यावर त्रिकोण बसला होता, आणि आता ती माझ्या नवऱ्याच्या ट्रेमध्ये होती. पहिला भोंगा होऊन तासाच्या वर झाला होता.

मी पळाले. काय घालून पळाले, रस्त्यात कोण भेटलं, काही आठवत नाही. फाटकावरचा पहारेकरी "बाई, कार्ड!" म्हणून मागे धावला. मागच्या अंगणात पोचले तेव्हा बार ऐकू येत होते. प्रत्येक बाराला मला वाटे, हाच. चाचणीच्या दाराबाहेर एक लाल मूठ आहे, ती ओढली की आत दिवा लागतो आणि सगळं थांबवावं लागतं. आठ वर्षांत ती कुणी ओढलेली मी पाहिली नव्हती. मी लोंबकळलेच तिला.

नवरा बाहेर आला, कानावरच्या टोप्या काढत. दोन्ही हात शाबूत. दहा बोटं. मी मोजली.

"किती झाली?"

"अकरा. का गं? काय झालं?"

"उरलेल्यांत एक आवळलेली आहे."

दिवा लागला म्हणून फोरमनही धावत आला. त्याने विचारलं, नंबर कुठला? मला नंबर माहीत नव्हता. रागाच्या भरात मी पाहिलाच नव्हता. फोरमन म्हणाला, "मग कशावरून म्हणता?" मी म्हटलं, "गज आणि शिसं मागवा."

तिथंच बाहेरच्या बाकावर बसले. आधी झाडून झालेल्या अकरा ढकलल्या. त्या सगळ्या चांगल्या होत्या. मग उरलेल्या एकोणतीस. पुढचं मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण मलाच ते खरं वाटत नाही. भोवती माणसं जमली होती, कुणी विचारत होतं, कुणी हसत होतं, आणि माझा तळहात मात्र त्या नळीच्या आत होता, पाच खाचांमधून एकटाच चालत होता. बाकी जगात काही नव्हतं. सतराव्या नळीला तो मुळाशी गेला आणि मला ते नकोसं वाटलं.

"ही," मी म्हटलं.

फोरमनने माप लावलं. ठीक दाखवलं. कुणीतरी मागे खोकलं. मग त्याने कपाटातलं सगळ्यात बारीक माप आणवलं, ते लावलं, आणि ती नळी बाजूला काढून ठेवली. बाकीच्या बारा मी तरीही ढकलल्या. चांगल्या होत्या.

"हिच्यावर ठसा बाईंचा आहे," फोरमन म्हणाला. "बाईंचा ठसा तीस वर्षांत परत आलेला नाही. हे कसं झालं?"

खरं सांगते, त्या क्षणी माझ्या जिभेवर आलं होतं की माझा हात चुकला. मी शिकाऊ आहे, चालून जाईल, मला पॅकिंगमध्ये पाठवतील. सासूबाईंची अब्रू राहील. पण माझा हात चुकत असेल, तर सहा महिन्यांत तो आणखी कितीदा चुकला? त्या सगळ्या नळ्या कुठं आहेत?

"माझा हात गेलाय."

सासूबाई दाराशी उभ्या होत्या. बोटाला फडकं गुंडाळलेलं, त्यातून रक्त आलेलं. चालत आल्या होत्या की धावत, देव जाणे. "मागच्या हिवाळ्यात सुरू झालं. फेब्रुवारीत हिनं पहिली नळी ओळखली, त्या दिवसापासून माझा गज नुसता देखावा. ही म्हणते, मी ठसा मारते. एकूण एक नळी हिच्या हाताची आहे."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

"तीनदा आले होते तुमच्याकडे. म्हटलं हिला ठसा आताच द्या, वर्ष थांबू नका. तुम्ही म्हणालात नियम आहे. खरं सांगितलं असतं तर त्या दिवशीच तुम्ही टेबलावर जांभईरावाला बसवलं असतं. आणि आत हा उभा असतो."

नवरा आईकडे बघत होता. त्याचा चेहरा मला बघवेना.

आणि मी? तीनदा! मला तिन्ही वेळा वाटलं होतं, त्या माझी चुगली करतायत.

मग मी सांगितलं. सगळ्यांसमोर. की नळी आवळलेली आहे हे मला कळलं होतं, आणि तरी मी 'ठीक' म्हटलं. सासूबाईंना चिडवायला. त्यांची परीक्षा बघायला. सांगताना माझा आवाज इतका बारीक झाला की फोरमनने दोनदा विचारलं.

तो एका खोक्यावर बसला आणि त्याने चष्मा काढून डोळे चोळले. "म्हणजे एकीचा हात खोटा आणि दुसरीची जीभ," तो म्हणाला. "गोदामातला माल पुन्हा तपासावा लागेल. तो कुणी तपासायचा? ठसा कुणाला द्यायचा? मी वर काय सांगू?" मग तो नवऱ्याकडे वळला. "नियमाप्रमाणे चाचणीवाला ट्रे नाकारू शकतो. कारणसुद्धा द्यावं लागत नाही. तू म्हणशील तर हा सगळा ट्रे परत जाईल आणि या दोघींतली एकही उद्यापासून नळीला हात लावणार नाही. बोल."

माझा नवरा कमी बोलणारा माणूस. लग्नाला बारा वर्षं झाली, त्याच्या मनात काय चाललंय ते मला अजून विचारावं लागतं. तो बाकापाशी आला. मी तपासून बाजूला ठेवलेल्यांतलं एक रिव्हॉल्व्हर त्याने उचललं आणि माझ्यापुढे धरलं.

"हे?"

मी नळीत नवीन शिसं घातलं आणि पुन्हा ढकललं. मुळापर्यंत. सारखं गेलं, पाण्यातून हात फिरवावा तसं. "ठीक," मी म्हटलं.

"खरं?"

तेवढंच विचारलं त्याने. यापुढे कदाचित जन्मभर विचारेल, आणि मला ते ऐकून घ्यावं लागेल.

"खरं," मी म्हटलं.

तो ते घेऊन आत गेला आणि दार लागलं.

पहिला बार जड, पेटीतला. भिंत हादरली. मग बराच वेळ शांतता. त्या शांततेत तो पेटीतून रिव्हॉल्व्हर काढतो, साधी काडतुसं भरतो, जागेवर उभा राहतो, आणि हात पुढे करतो. मी दाराकडे बघत होते. एक. दोन. मनगटाला काहीतरी टोचलं म्हणून पाहिलं, तर सासूबाईंनी माझा हात धरला होता, इतका घट्ट की नखं रुतली होती. आपण किती जोर लावतोय ते त्यांना कळत नव्हतं. हात आहे की सुटला तेही कळत नव्हतं, म्हणून त्या दारावरची नजर काढून पुन्हा पुन्हा खाली बघत होत्या. तीन. चार. पाच. मग एक थांबा, मला वाटलं वर्षभराचा. सहा.

दार उघडलं. नवऱ्याने ते रिव्हॉल्व्हर झालेल्यांच्या ओळीत ठेवलं, ट्रेमधून दुसरं उचललं आणि माझ्यापुढे धरलं.

सासूबाई अजून सोडत नव्हत्या. मला तर तो हात हवा होता. मी त्यांची बोटं एकेक करून उघडली आणि गज उचलला.